पहिल्या ओळीतला पत्ता

लहानपणी आत्याला पत्र पाठवायचं असलं की बाबा आंतरदेशीय पत्रावर मोजक्या ओळी लिहायचे. आत्याचं नाव, मु. पो. अमुक, ता. वाई, जि. सातारा. घर क्रमांक नाही, गल्ली नाही. पोस्टमन गावात शिरायचा, पारावर कुणाला तरी विचारायचा आणि पत्र आत्याच्या हातात पडायचं. आमचा पुण्यातला पत्ता मात्र लांबलचक होता: सदनिका, इमारत, सोसायटी, कशाच्या मागे, कशाच्या समोर, शेवटी पिनकोड. त्यातला एक आकडा चुकला की पत्र परत.

पत्ता लिहिण्याच्या या दोन रीती मला पुढे एका अगदी छोट्या फाईलच्या पहिल्या ओळीत पुन्हा भेटल्या. त्या ओळीने माझे दोन महिने घेतले, आणि त्या दोन महिन्यांत मी जे शिकलो ते मला मोलाचं वाटतं.

आत्याने चाळीस वर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. आधी वहीत, मग तालुक्याच्या गावी डीटीपी करणाऱ्या एका गृहस्थांकडून टाईप करून घेतल्या. दोन हजारांच्या वर ओव्या, सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये. त्या काळच्या मराठी फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरी आकार बसवलेले असत. फॉन्ट आहे तोवर ओवी दिसते. फॉन्ट नसलेल्या संगणकावर तीच फाईल उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. त्यातून ते गृहस्थ टाईपरायटरवर शिकलेले, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षर पुरं झाल्यावर. कागदावर डोळ्याला जसं दिसतं तसं. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीत, क्रम उच्चाराचा असतो. म्हणजे नुसती अक्षरं बदलून भागत नाही, त्यांच्या जागाही हलवाव्या लागतात.

हे काम करायला मी पायथन या भाषेत एक प्रोग्रॅम लिहिला आणि फोल्डरमधल्या सगळ्या फाईली त्याच्या हाती एकेक करून देणारी एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलला द्यायच्या आज्ञांची फाईल. माझ्या संगणकावर फेडोरा आहे, लिनक्स या यंत्रणेचा एक प्रकार. तिथे सगळं सुरळीत चाललं. आत्याच्या ओव्या वाचणारी माणसं चार देशांत विखुरलेली होती. ज्याने त्याने आपल्याकडच्या फाईली आपणच बदलून घ्याव्यात म्हणून मी स्क्रिप्ट सगळ्यांना धाडून दिली.

पहिली तक्रार उबुंटू हे दुसरं लिनक्स वापरणाऱ्या मित्राची. "ओव्या येतायत, पण प्रत्येकीच्या आधी एक आडवी रेघ आणि 'ई' कुठून येतंय?"

इथे ती ओळ समजून घ्यायला हवी. स्क्रिप्टच्या अगदी सुरुवातीला हॅश आणि उद्गारचिन्ह अशी जोडी असते आणि तिला लागून एक पत्ता. फोनवर वाचून दाखवावा तसा लिहितो: #!/बिन/एसएच. या जोडीला शेबँग म्हणतात. फाईल चालवायला दिली की कर्नल, म्हणजे यंत्रणेचा गाभा, तिची सुरुवात बघतं. पहिल्या दोन बाइट ३५ आणि ३३ या आकड्यांच्या, म्हणजे हॅश आणि उद्गारचिन्हाच्या असल्या, तर कर्नल ओळीचा उरलेला भाग पत्ता म्हणून वाचतं, त्या पत्त्यावरच्या प्रोग्रॅमला उठवतं आणि सांगतं, ही फाईल तू वाच. तो प्रोग्रॅम फाईल पहिल्यापासून वाचू लागतो, पण हॅशने सुरू होणारी ओळ त्याच्या लेखी टिप्पणी असते, म्हणून तो ती सोडून देतो. एकच ओळ, वाचणारे दोघे. एकाला ती हुकूम वाटते, दुसऱ्याला काहीच नाही. ही युक्ती मला आजही फार सुंदर वाटते.

ही सोय जानेवारी १९८० मध्ये बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी युनिक्स या यंत्रणेच्या कर्नलमध्ये घातली. त्याच वर्षीच्या बर्कले विद्यापीठाच्या युनिक्समध्येही ती आली. त्याआधी स्क्रिप्ट ओळखायचं काम शेललाच, म्हणजे आपण टाईप केलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमलाच, अंदाजाने करावं लागे. सी शेल तर फाईलचं पहिलं अक्षर हॅश आहे की नाही एवढ्यावरून ठरवायचा की फाईल स्वतः वाचायची की दुसऱ्या शेलकडे द्यायची. रिचींच्या बदलानंतर फाईल स्वतःच सांगू लागली, मला कुणी वाचायचं ते. फक्त तिने सांगायचं होतं पूर्ण पत्त्यानिशी. तेव्हा ते साहजिकही होतं, कारण घरं थोडी होती आणि बहुतेक एकाच नकाशावर बांधलेली.

मित्राच्या उबुंटूवर काय घडलं ते या पत्त्यातच होतं. फेडोरात /बिन/एसएच या दारामागे बॅश नावाचा शेल बसलेला असतो. उबुंटूने २००६ मध्ये, ६.१० या आवृत्तीपासून, त्याच दारामागे डॅश नावाचा लहान आणि चपळ शेल बसवला. डेबियन या लिनक्सनेही पुढे तेच केलं. मी 'एको' या आज्ञेला बॅशच्या सवयीने एक खूण जोडली होती. डॅशला ती खूण ठाऊक नाही, त्याने ती मजकूर समजून इमानदारीने छापली. चूक माझी होती. एसएच म्हणून लिहायचं आणि आत बॅशची बोली वापरायची, हे पत्रावर एकाचं नाव घालून आत दुसऱ्याशी बोलण्यासारखं. मी पत्ता बदलून /बिन/बॅश केला आणि सुटलो असं समजलो.

मग भाचीचा फोन आला. ती नेदरलँड्समध्ये शिकते आणि निक्सओएस हे आणखी एक लिनक्स वापरते.

"मामा, माझ्याकडे /बिन/बॅश नाहीच आहे."

"बॅश नाही?"

"बॅश आहे रे. त्या पत्त्यावर नाही."

निक्सओएसमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम /निक्स/स्टोअरमध्ये बत्तीस अक्षरांच्या एका खुणेसह स्वतंत्र फोल्डरात राहतो. /बिनमध्ये फक्त एसएच असतो आणि /युएसआर/बिनमध्ये फक्त एन्व्ह. बाकी सगळी नेहमीची घरं रिकामी. मला ते आधी विक्षिप्त वाटलं. नंतर फ्रीबीएसडी या युनिक्सच्या घराण्यातल्या यंत्रणेचं बघितलं, तर तिथे बॅश बाहेरून बसवावा लागतो आणि तो /युएसआर/लोकल/बिनमध्ये जातो. नेटबीएसडीत /युएसआर/पीकेजी/बिन. अल्पाइन लिनक्समध्ये सांगितल्याशिवाय बॅश येतच नाही. इंटेलच्या मॅकवर होमब्रू हा प्रोग्रॅम बसवून देणारा मदतनीस आपली चीजवस्तू /युएसआर/लोकलमध्ये ठेवतो, ॲपलच्या चिपवर /ऑप्ट/होमब्रूमध्ये. मी ज्याला बॅशचा पत्ता समजत होतो तो माझ्या गल्लीतल्या बॅशचा पत्ता होता.

न्यू जर्सीतल्या मावसभावाच्या मॅकवर वेगळीच गंमत झाली. तिथे /बिन/बॅश आहे. पत्ता बरोबर, दारावरची पाटी बरोबर, तरी स्क्रिप्ट आठव्या ओळीवर अडली. आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात ना, तसं झालं होतं: हाक नातवाला मारली आणि बाहेर आजोबा आले. मॅकसोबत येणारा बॅश ३.२ आहे, २००६ सालच्या पिढीतला. बॅश ४ पासून परवाना जीपीएलची तिसरी आवृत्ती झाला आणि ॲपल त्या आवृत्तीपर्यंत गेली नाही. २०१९ मध्ये मॅकच्या कॅटालिना या आवृत्तीपासून तर त्यांनी नेहमीचा शेल म्हणून झेडएसएच दिला. मी नावाने शोधता येणाऱ्या याद्या वापरल्या होत्या. त्या बॅशमध्ये ४ पासून, म्हणजे २००९ पासून आल्या. भावाने होमब्रूतून नवा बॅश घेतलेलाही होता. माझी पहिली ओळ त्याला ओलांडून थेट जुन्या घरी जात होती.

पायथनमध्ये तर हे सगळ्या जगाने अनुभवलं. ऑक्टोबर २०१० मध्ये आर्च लिनक्सने 'पायथन' या नावामागे तिसरी आवृत्ती ठेवली, बाकीच्यांकडे बरीच वर्षं दुसरीच होती. उबुंटू २०.०४ मध्ये नुसतं 'पायथन' असं नावच उरलं नाही. म्हणून माझ्या प्रोग्रॅममध्ये मी नेहमी 'पायथन३' असं पूर्ण नाव घेतो.

भाचीनेच उपाय सांगितला, आणि मला बाबांचं आंतरदेशीय पत्र आठवलं ते तेव्हा. #!/युएसआर/बिन/एन्व्ह बॅश. म्हणजे घराचा पत्ता द्यायचाच नाही. गावच्या पारापर्यंत जायचं आणि विचारायचं, बॅश कुठे राहतो? एन्व्ह हा तो पारावरचा माणूस. खरं तर त्याचं काम वेगळंच, प्रोग्रॅमला हवी ती परिस्थिती देऊन सुरू करण्याचं. पण ते करताना तो प्रोग्रॅम नावावरून शोधतो, 'पाथ' या यादीतली फोल्डरं एकामागून एक बघत. ज्याच्या यादीत निक्सचं फोल्डर आधी त्याला निक्सचा बॅश, ज्याच्या यादीत होमब्रू आधी त्याला होमब्रूचा. एन्व्ह स्वतः मात्र जवळजवळ सगळीकडे /युएसआर/बिनमध्येच सापडतो. हे कुठल्या नियमाने ठरलेलं नाही. पॉझिक्स हे मानक एन्व्हने काय करायचं ते सांगतं, त्याने कुठे राहायचं ते सांगत नाही. पॉझिक्स तर हॅश आणि उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या फाईलचं काय होईल तेही अनिर्णित ठेवतं. ज्यावर आपण रोज विसंबतो ती गोष्ट कागदोपत्री कुणी कबूलच केलेली नाही, केवळ वहिवाट आहे. मला त्या वहिवाटीबद्दल आदर वाटतो. निक्सओएसने सगळी घरं पाडली तरी तो एक पार उभा ठेवला, कारण जगभरच्या स्क्रिप्टा तिथे येऊन विचारणार हे त्यांना ठाऊक होतं.

पत्ता बदलला. भाचीकडे चाललं, भावाकडे चाललं. आणि ज्यांनी ओव्या टाईप केल्या त्या गृहस्थांनी आपल्या संगणकावर स्क्रिप्ट उघडून वरच्या टिप्पणीत आत्याचं नाव नीट लिहिलं, मला परत पाठवली, आणि ती माझ्याकडेच चालेना.

अशी फाईल किंवा डिरेक्टरी नाही, असं टर्मिनल म्हणत होतं. फाईल समोर दिसत होती. मी ती उघडली, वाचली, बंद केली, पुन्हा चालवली. अशी फाईल नाही. पहिली ओळ अक्षर न् अक्षर बरोबर होती. मी ती खोडून पुन्हा टाईप केली, शेवटी एन्टर मारायच्या ठिकाणी फक्त बाण दाबून खाली आलो, म्हणून तेच. रात्री साडेबारापर्यंत मी परवानग्या तपासल्या, बॅश तपासला, डिस्कवरही शंका घेतली. डोळ्यासमोर असलेली वस्तू नाही असं कुणी शांतपणे सांगत राहिलं की माणूस स्वतःवरच शंका घेऊ लागतो.

शेवटी फाईलमधलं प्रत्येक अक्षर सुटं करून दाखवणारी 'ओडी' ही आज्ञा चालवली. प्रत्येक ओळीच्या शेवटी, नवी ओळ सुरू करणाऱ्या खुणेच्या आधी, आणखी एक अदृश्य अक्षर होतं. क्रमांक १३, कॅरेज रिटर्न.

टाईपरायटरवर ओळ संपली की दांडा ओढतात, तेव्हा दोन गोष्टी घडतात: गाडा बाजूला सरकून सुरुवातीला येतो आणि कागद एक ओळ वर चढतो. टेलिप्रिंटरमध्ये या दोन हालचालींना दोन निरनिराळ्या खुणा होत्या, १३ आणि १०. विंडोजकडे ही जोडी परंपरेने आली, युनिक्सने फक्त १० ठेवली. कर्नल पहिली ओळ १० येईपर्यंत वाचतं, त्यामुळे क्रमांक १३ चं ते अक्षर नावातच धरलं गेलं. माझी स्क्रिप्ट 'बॅश' नावाचा प्रोग्रॅम शोधत नव्हती. 'बॅश' आणि त्याच्या मागे एक अदृश्य अक्षर अशा नावाचा प्रोग्रॅम ती शोधत होती, आणि तसा तर पृथ्वीवर कुणाकडे नाही. संदेश खरा होता. फक्त कोणती फाईल नाही ते मला चुकीचं समजलं होतं.

त्या गृहस्थांची यात काही चूक नाही. त्यांनी ओळ संपवली ती त्यांच्या यंत्राच्या रीतीने, आणि टाईपरायटरवर शिकलेल्या माणसाच्या हातून आलेल्या फाईलमध्ये मला टाईपरायटरचा गाडा सापडावा, याचं मला त्या रात्री दमलेलो असूनही अप्रूप वाटलं. तेव्हापासून मी गिटमध्ये, म्हणजे फाईलींतल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या साधनात, एक छोटी फाईल ठेवून सांगून टाकलं आहे की स्क्रिप्टच्या ओळी नेहमी नुसत्या १० नेच संपतील, कुणीही, कशावरही उघडली तरी. फाईलच्या आरंभी काही संपादक युनिकोडची तीन बाइटची अदृश्य खूणही घालतात. तिच्यामुळे हॅश पहिल्या जागी राहत नाही आणि कर्नल ओळखच देत नाही. तीही आता तपासतो.

एन्व्हचा मार्ग स्वीकारल्यावर दोन ठेचा लागल्या. पहिली लहान. भावाने पायथन प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत 'पायथन३' पुढे एक पर्याय जोडला, ओव्या पडद्यावर लगेच दिसाव्यात म्हणून. त्याच्या मॅकवर चाललं, माझ्या लिनक्सवर नाही. मॅक पत्त्यापुढचे शब्द सुटे करून देतो, लिनक्स सगळे मिळून एकच गाठोडं म्हणून पुढे करतं. एन्व्ह बिचारा मधल्या जागेसकट पूर्ण गाठोडं हेच प्रोग्रॅमचं नाव समजून शोधत बसला. बहुतेक लिनक्सवर असतो त्या जीएनयूच्या एन्व्हला हे गाठोडं सोडायची सोय २०१८ मध्ये, ८.३० या आवृत्तीत मिळाली, कॅपिटल एसच्या पर्यायाने. जुन्या यंत्रांवर ती नाही, म्हणून मी पर्याय पहिल्या ओळीतून काढून प्रोग्रॅमच्या आत नेला.

लिनक्समध्ये या ओळीची लांबीही मोजकी आहे. बरीच वर्षं १२७ अक्षरांपुढचं कर्नल निमूट कापून टाकायचं. २०१९ च्या सुरुवातीला कुणीतरी योग्य विचाराने बदल केला, की अर्धवट कापलेला पत्ता चालवण्यापेक्षा नकार द्यावा. तर निक्सओएसवरच्या पर्ल या भाषेतल्या स्क्रिप्टा बंद पडल्या. त्यांची पहिली ओळ फार लांब होती, आणि पर्ल ती ओळ स्वतः पुन्हा पूर्ण वाचतो म्हणून आजवर निभावत होतं. लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने बदल मागे घेतला. लोकांचं चालतं ते मोडायचं नाही हा त्याचा जुना दंडक. पुढे लिनक्सच्या ५.१ या आवृत्तीत ती जागा दुप्पट, २५६ बाइटची झाली. भाचीने मला ही हकिकत सांगितली तेव्हा तिच्या आवाजात आपल्या गावाबद्दल बोलावं तशी माया होती.

दुसरी ठेच मोठी. आत्या नव्या सापडलेल्या ओव्या एका सामायिक फोल्डरात टाकायची आणि माझ्याकडे रोज पहाटे क्रॉनने, म्हणजे ठरल्या वेळी आपणहून आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमने, स्क्रिप्ट चालायची. अकरा दिवसांनी आत्याचा फोन आला, "अरे, मंगळवारपासून दिलेल्या ओव्या दिसत नाहीत. तुला आवडल्या नाहीत का?"

मी टर्मिनलमध्ये स्क्रिप्ट चालवली. व्यवस्थित चालली. क्रॉनमध्ये मात्र रोज पडत होती आणि तक्रारीची पत्रं माझ्याच यंत्रातल्या, मी कधी न उघडलेल्या पेटीत साठत होती. टर्मिनलमध्ये मी असतो तेव्हा माझी 'पाथ'ची यादी लांब असते. तिच्यात सर्वांत आधी माझ्या घरच्या फोल्डरातला पायथन, लागणाऱ्या सगळ्या सामानासह. क्रॉनला इतकी मोठी यादी मिळत नाही. माझ्याकडे त्याच्या यादीत /युएसआर/बिन आणि /बिन एवढंच होतं. एन्व्हने तिथे विचारलं आणि त्याला यंत्रासोबत आलेला पायथन भेटला. त्याच्याकडे मी गेल्या आठवड्यात जोडलेलं एक सामान नव्हतं. विचारत जाण्याची हीच अडचण आहे. उत्तर कुठल्या पारावर विचारलं यावर ठरतं.

फेडोरा आणि डेबियनची मंडळी आपल्या पॅकेजांत, म्हणजे बसवायला तयार करून दिलेल्या प्रोग्रॅमांत, एन्व्ह का नको म्हणतात, ते मला तेव्हा पटलं. त्यांना आपलं घर पुरतं माहीत असतं, पायथन कुठे बसवला तो त्यांनीच बसवलेला असतो. तिथे विचारायचं कशाला? शिवाय कुणी यादीत वर स्वतःचं फोल्डर घालून त्यात पायथन३ नावाचं काहीही ठेवलं तर एन्व्ह त्यालाच हाक मारणार. म्हणून पॅकेज बांधतानाच पहिली ओळ पूर्ण पत्त्याची केली जाते. निक्समध्येही बांधणीच्या वेळी सगळ्या शेबँग ओळी स्टोअरच्या पूर्ण पत्त्यांनी बदलतात. पायथनची पिप ही आज्ञाही, पॅकेजात पहिली ओळ नुसती '#!पायथन' असेल तर, बसवताना तिथे खरा पत्ता लिहिते. आणि पॉझिक्सही सुचवतं तेच: एसएच कुठे आहे ते त्या यंत्राला विचारा आणि स्क्रिप्ट बसवतानाच पत्ता घाला.

मला यातून एकच गोष्ट कळली आणि ती मी मनापासून मानतो. पत्ता लिहायचा तो पाठवणाऱ्याने नव्हे, पोहोचल्यावर, घर बघून. पाठवताना पारापर्यंतचा द्यावा, आणि कायमचं राहायचं असेल तिथे एकदा विचारून दारावर पाटी लावावी. आता माझ्या फाईलींत एन्व्हच असतो. सोबत एक 'बसवा' नावाची लहानशी आज्ञा आहे. ती चालवली की ती त्या यंत्राला पायथन३ कुठे आहे ते विचारते, आवृत्ती आणि सामान तपासते आणि प्रतीच्या पहिल्या ओळीत पूर्ण पत्ता लिहिते. माझं क्रॉन ती प्रत चालवतं. शेल स्क्रिप्ट मी काढूनच टाकली. ती जे करत होती ते पायथनमध्ये बारा ओळींत बसलं, आणि एक पत्ता कमी झाला.

गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो. तिच्या शेजारची मुलगी कॉलेजात जाते, तिच्याकडे संगणक नाही, अँड्रॉइड फोन आहे. तिने त्यावर टर्मक्स हे फोनवर टर्मिनल देणारं ॲप घेतलं होतं. टर्मक्समधले प्रोग्रॅम तर /डेटा/डेटा अशा कुठल्या कुठे आत राहतात. फोनवर /युएसआर/बिन नसतंच, म्हणजे पारही नाही. मी धास्तावलो होतो. पण टर्मक्सच्या लोकांनी असा पत्ता विचारला गेला की वाटेतच अडवून आपल्या घराकडे वळवायची सोय केलेली आहे. मुलीने आज्ञा टाईप केली आणि ओव्या एकामागून एक पडद्यावर उतरू लागल्या.

आत्याने चष्मा लावला, फोन हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला. बराच वेळ वाचत होती. मग बोट पडद्यावर ठेवून म्हणाली, "हे बघ, इथे 'पूर्वेला' हवं. 'पूवेर्ला' झालंय. रफार पुढच्या घरात गेलाय तुझा."

मी वहीत लिहून घेतलं. रात्री ओटीवर बसून रफार मागे आणायची ओळ दुरुस्त केली. मात्रा असलेल्या अक्षरावरचा रफार मी मागे नेतच नव्हतो. सकाळी मुलीच्या फोनवर नवी फाईल पाठवली, आणि आत्या पुढच्या ओवीवर गेली.